डायनोसॉरचा रविवार

६ जानेवारी २००२, रविवार

मोहिनीबाईंचा फोन. आधी वाटलं, राँग नंबर! दहावीनंतर त्यांच्याशी एक शब्द बोललेले नाही. आता त्या शाळेच्या मुख्याध्यापिका आहेत. म्हणाल्या, "तेजश्री, तू दगडांतलीच ना गं?" भूशास्त्रात एमएस्सी केलं म्हणजे मी दगडांतली. हो म्हटलं.

त्यांना शाळेत एक दिवस करायचाय — डायनोसॉर आणि जीवाश्म. पहिली ते चौथीची मुलं, सोबत घरची माणसं. भाषण नको, सगळं हातांनी करायचं. वाळूत हाडं पुरायची, मुलांनी उकरायची, साचे काढायचे. "कसं करायचं ते तूच ठरव बाई. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

दोन वर्षं बोअरच्या जागा दाखवतेय. 'तू ठरव' हे अजून कुणी म्हटलेलं नाही. शेतकरी विचारतो पाणी कुठे, साहेब विचारतात रिपोर्ट कुठे.

माझं नाव त्यांना कसं सुचलं, ते विचारायचं राहिलं. असो. कुणाला तरी आठवण राहिली, एवढं पुरे.

१३ जानेवारी

द्वारका चौकाजवळच्या मूर्तिकाराकडे गेले. गणपती अजून लांब, त्यामुळे कारखान्यात शुकशुकाट. शाडू दिली, प्लास्टरही दिलं. काय बनवणार, विचारलं. हाडं, म्हटलं. "कुणाची?" म्हटलं, डायनोसॉरची. त्याने शाडूचं पोतं बांधलं. मग म्हणाला, "सोंडेपेक्षा सोपं पडेल."

घरी आल्यावर पहिला साचा. मांडीचं हाड, छोट्या मापात. प्लास्टर पाण्यात टाकायचं असतं, प्लास्टरवर पाणी ओतायचं नसतं. घाईत उलटं केलं. गुठळ्या! सगळं फेकलं. दुसऱ्यांदा नीट.

१४ जानेवारी

संक्रांत. आईने हलवा दिला. "गोड बोल." बोलते की!

२० जानेवारी, रविवार

बाबा दिवसभर वाळू चाळत होते. अंगणात जुना पलंग उभा केला, त्याला जाळी बांधली, डोक्याला रुमाल. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून इतके खुशीत त्यांना मी पाहिलेलं नाही. मी म्हटलं, फार बारीक नको, वाऱ्याने डोळ्यांत जाईल. फार जाडही नको, ब्रशने हलली पाहिजे. त्यांनी लगेच विचारलं, "म्हणजे किती?" या घरात हा प्रश्न फक्त बाबा विचारतात. आई विचारते, कशाला.

नोव्हेंबरनंतर आम्ही दोघं जरा जपूनच बोलत होतो. तेव्हा पुण्याचं एक स्थळ आलं होतं. मुलाच्या आईने माझा हात हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "उन्हात फार असते का हो?" मला नाही विचारलं. माझ्या आईला विचारलं! मी पोह्यांच्या बश्या गोळा केल्या. ते लोक गेल्यावर सांगितलं, हे शेवटचं. आई रडली. बाबा नंतर खोलीत आले. दारातच उभे राहून म्हणाले, "तेजू, माझा शब्द. तुला विचारल्याशिवाय या घरात तुला बघायला कुणी येणार नाही."

त्यानंतर खरंच कुणी आलं नाही. आईच्या बहिणींचे फोन येतात, पण बाबाच घेतात आणि बाबाच ठेवतात.

आज चाळताना म्हणाले, "तू शिकवताना मी बाजूला उभा राहिलो तर चालेल ना? मध्ये बोलणार नाही." मी म्हटलं, प्लास्टर कालवायला माणूस हवाच आहे. एवढ्यानेच चेहरा फुलला.

२४ जानेवारी

दिंडोरी. द्राक्षाच्या बागेत, भिमाजी म्हणून शेतकरी. मी दगडाचा थर समजावून सांगत होते. तो म्हणाला, "ताई, दगडाचं नाव ऱ्हाऊ द्या. पानी हाय का नाय, तेवढं सांगा."

आहे, म्हटलं. मग तो थराचं नावही ऐकायला तयार झाला.

९ फेब्रुवारी

सगळी तयारी झाली. हाडं वाळली, पॉलिश पेपरने घासली, चहाच्या पाण्याने रंगवली. हॉलमध्ये चादरीवर मांडून ठेवलीत. आई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "एवढी मेहनत रुखवतावर घेतली असतीस तर!" मी म्हटलं, रुखवतात कवटी ठेवता येते का? ती हसली. बऱ्याच दिवसांनी.

खऱ्या वस्तू तीनच आहेत. डब्यात, कापसात ठेवल्यात. हाडाचा तुकडा, विष्ठेचा दगड, शिंपल्याचा ठसा. तिन्ही एमएस्सीच्या वेळी चंद्रपूरकडून आणलेल्या.

१० फेब्रुवारी, रविवार

आजचं सगळं लिहिते. असे दिवस वारंवार येत नाहीत.

मैदानाच्या कोपऱ्यात सुतळीने चौकोन आखले. एका कुटुंबाला एक चौकोन. नियम एकच: मोठ्यांनी मुलांच्या हातातला ब्रश घ्यायचा नाही. चहा यायच्या आत सगळ्या वडिलांनी तो मोडला. एक गृहस्थ तर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून बरगडी साफ करत होते, आणि बायको वरून ओरडत होती, "अहो, तिला द्या की! तिसरीत ती आहे, तुम्ही नाही!"

दुसरीकडे भिंतीच्या कडेने लांब सुतळी. पृथ्वीचं सगळं वय तिच्यावर. डायनोसॉर संपले ती गाठ पार शेवटाजवळ येते, ते बघून लोक पुन्हा सुरुवातीच्या टोकाकडे बघतात. एका आजोबांनी विचारलं, "रामायण कुठे आलं यात?" म्हटलं, आजोबा, माणूसच अगदी शेवटच्या टोकाला आहे. आपण सगळे त्या टोकावर. "मग पंचवटीही तिथेच," म्हणाले, आणि समाधानाने पुढे गेले.

"आपल्या नाशकात सापडतात का?" हे प्रत्येकाने विचारलं. नाही सापडत. आपल्या पायाखाली लाव्हा आहे, थरावर थर. एका बाईंना खरोखर वाईट वाटलं. "द्राक्षं आहेत, कांदे आहेत, कुंभमेळा आहे. एक डायनोसॉर तेवढा नाही!"

मग विष्ठेचा दगड. न सांगता हातोहात फिरवला. ओळखा! बटाटा. आलं. एका आजींनी तो दोन्ही हातांत घेऊन डोळे मिटले आणि कपाळाला लावला — त्यांना शाळिग्राम वाटला. मी सांगेपर्यंत उशीर झाला होता. डायनोसॉरची शी, म्हटलं. मुलांच्या किंकाळ्या! आजींनी आधी दगड एकदा उलटून बघितला. मग पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. "जाऊ दे. सात कोटी वर्षांत सोवळंच झालं असेल ते!"

शेवटी हाडाचा तुकडा. हाडाचा जीवाश्म ओळखायची एक साधी रीत आहे. जिभेला लावायचा. नुसता दगड चिकटत नाही. हाडाचा असेल तर जीभ हलकेच धरून ठेवतो, कारण त्याची बारीक भोकं शाबूत असतात. फील्डवर आम्ही सगळे असंच करतो, कुणाला त्यात काही वाटत नाही. इथे मात्र हल्लकल्लोळ! "अहो, सगळ्यांचं उष्टं!" मी स्पिरिट आणि कापूस पुढे केला. तरी एक बाई मागे सरकल्या. "उष्ट्याचं सोडा. पण हाडच ना ते? आमच्याकडे अंडंसुद्धा चालत नाही."

मी म्हटलं, काकू, यात आता हाड काहीच उरलेलं नाही. दगड झालाय सगळा.

तेव्हा शेवटच्या चौकोनातून आवाज आला, "मग हाड कुठे गेलं?"

शाळेबाहेरचं कुटुंब होतं ते. सरिता नावाच्या बाई, त्यांची लहान मुलगी आणि त्यांचा दीर, गौरांग. अंबडला एका कारखान्यात यंत्रांचे सुटे भाग डिझाइन करतो. ढोपरापर्यंत वाळू. इतका वेळ तो गप्प होता.

सगळे विचारतात, हे किती जुनं, केवढं मोठं, काय खायचं. कुठे गेलं, हे विचारत नाहीत. मी सांगितलं. पाण्याबरोबर गेलं, कणाकणाने. जेवढं गेलं तेवढ्याच जागेत पाण्यातलं खनिज येऊन बसलं. म्हणून आकार हाडाचा, वस्तू दगडाची. तो म्हणाला, "म्हणजे एकेक भाग बदलत सगळं मशीन नवीन झालं, आणि मशीन कधी थांबलंच नाही." मी म्हटलं, मशीन आधीच बंद पडलं होतं. तो हसला. मग मी सांगतच राहिले. भोवतीचे लोक चहाला गेले तेही कळलं नाही.

गळ्यातलं भिंग मी कुणाला देत नाही. पुण्याला हॉस्टेलमध्ये त्यावरून भांडणं झालीत. आज काढून दिलं. त्याने ते बरोबर धरलं, डोळ्याजवळ — तुकडा जवळ आणला, भिंग लांब नेलं नाही. सहसा लोकांना हे सांगावं लागतं.

सरिताबाईही छान बोलल्या. इतकं वाकून कंबर दुखत नाही का? चष्मा कधीपासून? रोज फिरतीवर, मग घरचं कसं जमवता? मी म्हटलं, जमत नाही, आई जमवते. त्या हसल्या. निघताना गौरांग म्हणाला, "अशी पद्धत मी कुठे पाहिली नव्हती." मी म्हटलं, शिकवण्याची हीच खरी पद्धत.

बाबा बादलीपाशी उभे. कोपरापर्यंत प्लास्टर. मध्ये एक शब्द बोलले नाहीत. आईने घरून आणलेला चिवडा सगळ्यांना वाटला. येताना रिक्षात तिघेही खूष होतो.

त्याचा फोन नंबर विचारला नाही. विचारायचं काही कारणही नव्हतं. विचारला नाही, एवढी नोंद करते.

११ फेब्रुवारी

नखांत अजून प्लास्टर आहे. काढलं नाही.

१३ फेब्रुवारी, बुधवार

संध्याकाळी शाळेत गेले, राहिलेले साचे आणायला. मोहिनीबाई खुर्चीतून उठून आल्या, खांद्यावर हात ठेवला. "काय मग? काय कळवलं त्यांनी?"

"कुणी?"

"अगं, अंबडच्या. गौरांगच्या घरच्यांनी."

मी म्हटलं, त्यांनी मला काय कळवायचंय? बाईंचा हात खांद्यावरून खाली आला. "अगं — मला वाटलं तुला माहीत असणार." मग भरभर बोलायला लागल्या. किती छान झालं, नाही साडी, नाही पोहे, मुलगा कसा सरळ आहे, त्याची वहिनी पूर्वी इथेच शिकवायची. मी मध्येच विचारलं, "बाई, हा कार्यक्रम करायचं सुचलं कुणाला?"

त्यांनी टेबलावरचा पेपरवेट सरळ केला. सरळच होता तो. "दिवाळीनंतर तुझे बाबा आले होते मला भेटायला. पण तेजश्री, कार्यक्रम खरंच चांगला झाला हं. पालक अजून फोन करतायत."

साचे घेऊन आले. एक वाटेत फुटला.

१४ फेब्रुवारी

रविवार पुन्हा तपासला, जागच्या जागी. आम्ही थर तपासतो तसा.

कंबर दुखत नाही का — तब्येत. चष्मा कधीपासून — नंबर. घरचं कसं जमवता — स्वयंपाक. "अशी पद्धत मी कुठे पाहिली नव्हती" — मुलगी बघण्याची! आणि मी त्याला उत्तर दिलं. हीच खरी पद्धत, म्हटलं मी. घरी जाताना किती हसला असेल.

नोव्हेंबरात निदान मला माहीत होतं की मला बघतायत. पाठ ताठ ठेवली होती. बोलायचं तेवढंच बोलले होते. रविवारी मी काहीच धरून ठेवलं नाही. गळ्यातलं भिंगसुद्धा काढून दिलं.

पोह्यांच्या बशीमागे लपता येतं. हे मला आज कळलं.

१५ फेब्रुवारी

मला वाटलं होतं, बाबांच्या मागे आई असणार. आज तिला विचारलं. पोळी लाटता लाटता थांबली. "कोण? कुठले लोक?"

सांगितलं. तिने लाटणं आपटलं. "मला तरी सांगायचं या माणसाने! मी चुरगळलेली कॉटनची साडी नेसून चिवडा वाटत फिरले त्यांच्यासमोर! आणि चिवड्यात मीठ जास्त होतं!"

खोटं नाही वाटलं. आई असं खोटं बोलूच शकत नाही, साडीबद्दल तर नाहीच.

नंतर तवा उतरवून बसली. म्हणाली, "माझंही असंच झालं होतं. मामाची वास्तुशांत होती येवल्याला. मला वाटलं, वाढायला बोलावलंय. वाढून वाढून हात दुखले. आठ दिवसांनी कळलं, तिसऱ्या पंगतीत तुझे बाबा जेवून गेले."

"मग?"

"मग काय? चांगले निघाले." थोड्या वेळाने म्हणाली, "पण त्या पंगतीत मी कशी दिसत होते, ते मात्र अजून आठवतं मला. घामाने नुसती निथळत होते. पंचवीस-तीस वर्षं झाली. अजून वाटतं, केस तरी बांधायला हवे होते."

मी पोळ्या भाजल्या. ती लाटत राहिली.

१६ फेब्रुवारी, शनिवार

बाबा अंगणात उरलेली वाळू पोत्यात भरत होते. मी पोतं धरलं नाही. विचारलं, "तो दिवस तुमचा होता?"

फावडं थांबलं. "कार्यक्रम तुझाच. मी फक्त मोहिनीबाईंना जाऊन भेटलो."

"आणि ते लोक?"

त्यांनी फावडं वाळूत रोवलं. मग म्हणाले, "तेजू, बशी घेऊन तू बाहेर येतेस ना, ती तू नसतेस. दगड हातात घेऊन बोलणारी तू — ती कुणीतरी बघायला हवी होती. ती तुला न सांगताच दाखवता आली असती. सांगितलं असतं तर तिथेही तू बशीच घेऊन उभी राहिली असतीस."

हे खरं आहे. त्याचाच राग जास्त आला.

मी म्हटलं, तुम्ही शब्द दिला होता.

"तो मोडला नाही. घरात कुणी आलं नाही."

हे बाबा म्हणाले! पाटबंधारे खात्यात नकाशे तपासण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, एक रेघ इकडची तिकडे झाली तर ज्यांना झोप येत नसे, ते. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. ते खाली बघायला लागले. आपण काय बोललो ते त्यांनाही ऐकू आलं असावं.

मग मी विचारलं. विचारायला नको होतं. "आणि हाड कुठे गेलं, हा प्रश्न?"

ते हसले! चुकून, पण हसले. "तो मीच सांगितला होता त्याला. म्हटलं, संधी मिळाली की हे विचार. हे विचारलं की ती खुलते."

खुलते.

एमएस्सीच्या पहिल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी तो तुकडा घरी आणला. याच अंगणात बाबांनी तो हातात घेऊन विचारलं होतं, "मग हाड कुठे गेलं?" त्याचं उत्तर देताना मला कळलं की हे काम मला जन्मभर करायचंय. तोवर मार्क चांगले होते, एवढंच. ही गोष्ट मी जगात एकाच माणसाला सांगितली आहे. त्या माणसाने ती परक्याच्या हातात दिली. किल्ली द्यावी तशी. हे दार असं उघडतं म्हणून.

मी आत आले. ते बराच वेळ वाळू भरत होते. पोतं कधीच भरलं होतं. तसंच वरून सांडत होतं.

१९ फेब्रुवारी

साइटवर सगळे आकडे बरोबर आले. घरी फक्त जेवले.

२२ फेब्रुवारी, शुक्रवार

होकार आला!

सरिताबाईंनी आईला फोन केला. मुलगी हुशार आहे. कष्टाळू आहे. अहंकार नाही. लहान मुलांत रमते. आईने शब्द न् शब्द पाठ करून सांगितला. मी ऐकून घेतलं. मुलांत रमते, हे चूक आहे. मला मुलांत रमता येत नाही. त्यांनी ब्रश नीट धरला की बरं वाटतं, एवढंच. त्यांनी एवढं बघितलं आणि तरी चुकीचं मोजलं.

बाबा दारात. आता खोलीत येत नाहीत, दारातच थांबतात. "तू म्हणशील तसं. तुझा शब्द शेवटचा." शेवटचा! पहिला कुठे गेला, हे विचारणार होते. नाही विचारलं.

म्हणाले, "नको असेल तर मी कळवतो त्यांना."

"नको. मी कळवीन. स्वतः जाऊन."

"तेजू, असं कुणी करत नाही. मुलीने स्वतः जायचं —"

"बाबा, शाळेच्या मैदानात मुलगी बघतं का कुणी?"

आई आतून म्हणाली, "बरोबर आहे तिचं." आयुष्यात पहिल्यांदा! मी आणि बाबा दोघांनीही स्वयंपाकघराकडे बघितलं.

२४ फेब्रुवारी, रविवार

काय सांगायचं ते ठरलं. दोन वाक्यं. तुम्ही मला न सांगता बघायला आलात. मला हे मान्य नाही. तिसरं वाक्य लागणार नाही.

सकाळी बाबांनी चहा आणून दिला. मी घेतला. पूर्वीचं काही आठवायचं नाही असं ठरवलंय. पण कप ठेवताना त्यांनी एक हात कमरेवर दाबून धरला होता. कंबर वाळूने धरली की आधीपासून दुखते, ते मला सांगता येणार नाही. मी बघितलेलंच नाही.

२६ फेब्रुवारी, मंगळवार

अंबडला गेले. दुपारच्या सुट्टीत, कारखान्यासमोरच्या टपरीवर. गौरांगच्या बाहीला ग्रीस. पहिलं वाक्य बोलले, तुम्ही मला न सांगता बघायला आलात.

चहाचा ग्लास त्याच्या हातात तसाच राहिला. "न सांगता? कल्पना तर तुमची ना? तुमचे बाबा म्हणाले, मुलीची अटच आहे. बघायचं असेल तर माझं काम चालू असताना या, पोहे मिळणार नाहीत. मला ते इतकं आवडलं — म्हणून तर मी आलो. वहिनी तयार नव्हती, तिला मीच आणलं."

मी म्हटलं, मी अशी अट घातली नव्हती. मला काही माहीतच नव्हतं.

त्याने ग्लास खाली ठेवला. कारखान्याचा भोंगा झाला. माणसं आत जायला लागली, तो उठला नाही. मग हळू विचारलं, "मग मी होकार दिला तो कुणाला?"

बाबांनी रचलेल्या मुलीला. हे बोलले नाही. पण अट चांगली आहे. मला सुचायला हवी होती.

नकार द्यायला गेले होते. द्यायचा राहिला.